रकाना सहावा : मुलामा

निवडणूक लागली की केप्याच्या ठाण्यात हत्यारं जमा होतात.
टेबल मी व्हरांड्यात ओढतो, उजेडाला.
वर जुनी कांबळ, चरा पडू नये म्हणून.
वहीत रकाने सात :
मालक, परवाना, नंबर, बोअर, चौकट, मुलामा, शेरा.
सहावा मी स्वतः आखलेला.
साहेब म्हणाले, मुलामा कशाला रे वेळीप?
म्हटलं, परत देताना भांडण नको.
खरं म्हणजे मला बघायला आवडतं.

बार्जवाले लवंदे पहिल्या दिवशीच येतात.
चौकट मोठी, नळी सहा इंची,
मागची खाच स्क्रूनं सरकणारी,
स्टेनलेस, पण चकचकीत नव्हे,
बांगड्याच्या पोटाचा असतो तसला रंग.
माझं बोट चापाला जेमतेम पोचतं.
त्यांचं तर माझ्याहून आखूड.

त्यांच्या मेहुण्याचं मधल्या चौकटीचं, निकेलचं,
लग्नापुरतं काढायच्या घड्याळासारखं.
तोंडाशी पापुद्रे. आणि पुन्हा खोबरेल.
दर निवडणुकीला सांगतो, खोबरेल नको,
चिकटतं, चक्री कण्हत फिरते.
ते मान डोलावतात.
पाच वर्षांनी पुन्हा तोच वास.

डॉक्टर आब्रांचिसांचं लहान, घोडा आत लपवलेला,
खिशाच्या अस्तरात अडकू नये म्हणून.
खिशात कधी घातलंच नाही, म्हणाले,
खिशात माझ्या गोळ्या असतात. साखरेच्या.
आम्ही दोघंही हसलो.
मी लिहिलं : काळा, मॅट, नव्यासारखा.

शेवटच्या दिवशी, दुपारी, आंबावलीची एर्मेलिंद बाय.
बिस्किटांचा डबा, डब्यात फ्लॅनेल,
फ्लॅनेलमध्ये पाच घरांचं, तळहाताएवढं.
कधीकाळी निळं असणार.
निळाई आता चक्रीच्या खाचांतच उरलेली,
बाकी पोलाद उघडं, करडं.
म्यानाच्या कातड्यानं नळी एकाच अंगानं घासलेली,
आणि मुठीवरची नक्षी
जिथं सहसा झिजत नाही तिथं गुळगुळीत.

विचारलं, डावरे होते?
ती आधी हसली.
जेवायला उजवा. बाकी सगळ्याला डावा.

खाणीवर पगार वाटायला जायचे, दर शनिवारी, जीपमधून.
तीस वर्षांत एकदाच उडवलं :
टायर फुटला, ते दचकले,
गोळी शेजारच्या जेवणाच्या डब्यात.
घरी आले ते पँटीवर सुंगटांची कढी घेऊन.
आणि रिव्हॉल्व्हर मला दाखवलं नाही, बाय म्हणाली,
डबा दाखवला.
त्यात आता ओवा लावलाय.
पाणी आपसूक निथळतं.

परवाना नावावर करून घ्यायचा?
म्हाका नाका.
विकायचं?
कोण घेणार.
मग?
तुमच्या त्या रकान्यात काय ते लिहा, म्हणाली,
आणि रिकामा डबा काखेत मारून
बसच्या वेळेला निघून गेली.

मी लिहिलं : निळा, बहुतेक गेलेला. डाव्या हाताचा.
साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला लावलं.
एका रेघेनं खोडलं, वाचता येतं.

मतमोजणी झाली. लवंदे आले, मेहुणा आला,
डॉक्टरांनी माणूस पाठवला, पावतीसकट.
कपाटात आता एकच.
नोटीस काढली, दुसरी काढली, उत्तर नाही.
महिन्यातून एकदा मी त्याला तेल देतो,
शिलाई मशीनचं, दोन थेंब.
चक्री बाहेर कलवून उजेडाला धरतो :
पाच घरांतून पाचदा
ठाण्यासमोरचा तोच एक माड.

परवा ती आली. वाटलं, न्यायला.
कपाटाची किल्ली हातात घेतली मी.
तिनं टेबलावर, कांबळीवर,
वर्तमानपत्रातली पुडी सोडली :
ओव्याची पानं. भज्यांना बरी, म्हणाली.
त्याची चौकशी नाही, कपाटाकडे नजरही नाही.
जाडसर पानं, वर बारीक लव,
बोट टेकलं की दिवसभर वास.

वही उघडी होती.
पेन हातात होतं.
कुठल्या रकान्यात घ्यावं, ते काही सुचेना.